घडी

गोझूफच्या बाहेर, हमरस्त्याला लागून
खिडक्या नसलेली एक लांबलचक शेड आहे.
पलीकडच्या देशातून ट्रक येतात, ओद्रा ओलांडून,
आणि त्यांतून उतरतं ते सगळं
कुणाला तरी नको झालेलं.

मी टेबल क्रमांक एकोणीस.
एका नगाला बहात्तर सेकंद.
आधी वास घ्यायचा, काखेशी, गळ्याशी,
मग उजेडासमोर धरायचं,
खिसे उलटे करायचे, चिकट रोलर फिरवायचा.
केस सापडतात. बहुतेक लांब.
एकदा नाटकाचं तिकीट. एकदा दुधाचा दात,
रुमालात गाठ मारून ठेवलेला.
दात मी रादेककडे दिला. त्याची नोंद
कुठल्या रकान्यात करावी
हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ठरवायचं: अ, ब की क.
क जातं चिंध्यांत. ब जातं स्वस्तात.
अ म्हणजे नवं.
नवी पिशवी, नवी चिठ्ठी, नवा पातळ कागद,
आणि भाव पहिलाच.

पहिल्या आठवड्यात मी विचारलं होतं,
"हे कुणीतरी घातलंय. कोरं कसं म्हणायचं?"
रादेक वाईट माणूस नाही. म्हणाला,
"दुकानात अंगाला लावून बघतात ना?
आरशासमोर एक गिरकी घेतली की जुनं होतं?"
"नाही."
"दोन घेतल्या तर?"
बोझेना हसली. मीही हसले.
बसमध्ये बसून घरापर्यंत
गिरक्या मोजत राहिले.

नोव्हेंबरात एक काळा पोशाख आला.
लोकरीचा, साधा, गुडघ्याखाली जाणारा.
परतीचं कारण: मापात बसला नाही.
पण गळ्याशी उदाचा वास होता,
चर्चमधला, थंड दगडात मुरलेला,
आणि खालच्या पट्टीला वाळलेली माती, नखाएवढी.
मापात बसला नाही.
खरंच असेल. असला कपडा बसतो कुणाला.

वाफ दिली. माती ब्रशनं काढली.
मनगटाचं बटण लोंबत होतं,
ते माझ्या पर्समधल्या दोऱ्यानं शिवलं
(नियमात बसत नाही).
दोरा काळाच, पण उजेडात जरा निळसर निघाला.
घडी घातली.
अ.

जानेवारीत तो परत आला.
बटणावरून ओळखला.
आता वास कॉफीचा, आणि डाव्या खांद्यावर
कुणाच्या तरी गालाची पावडर घासलेली,
मिठीत शिरताना माणूस डोकं टेकतो तिथे.
कारण: मत बदललं.
मी धरून उभी राहिले. टेबलावर लाल दिवा लागला.
एका बाईनं तो पातळ कागद उलगडला असेल,
घडी आपणच मोडतोय अशा समजुतीत,
आणि तिच्याआधी रडून गेलेली दुसरी
त्याच बाह्यांत हात घालून उभी.
दोघींना एकमेकींचा पत्ता नाही.
फसवणूक आहे ही, बोझेना म्हणते.
आहेच.
मला त्या दिवशी आणखी एखादा शब्द हवा होता,
तो सापडला नाही.
अ.

मग मार्च गेला, एप्रिल गेला.
काळा नग दिसला की मी आधी मनगट बघते.
नाही आला.
म्हणजे कुणीतरी ठेवून घेतला.
किंवा परतीच्या चौदा दिवसांत
पोस्टापर्यंत चालायचं
बळच नव्हतं तिच्यात.

मे महिन्यात यागोदाचा पहिला प्रसाद.
पांढरे बूट मागवले, पट्ट्याचे, एकतीस नंबर.
ती शाळेत होती तेव्हाच खोकं आलं.
कागद करकरीत. चिठ्ठी जागच्या जागी.
उजव्या तळव्यावर, टाचेशी, एक बारीक ओरखडा.
सवयीनं नाकाशी नेला.
गवत. दुसरं काही नाही, कापलेलं गवत.

कुणाची तरी मुलगी पळाली होती एकदा,
फार लांब नाही.

मी अंगठा ओला करून ओरखड्यावरून फिरवला,
कागद होता तसा दुमडला,
आणि जिन्यात पावलं वाजली तेव्हा
दार उघडून म्हणाले,
"ये गं, नवे बूट आलेत."